टाच दुखते म्हणून नाच बंद?

२०२४ सालच्या ऑगस्ट महिन्यातील गोष्ट. संध्याकाळची वेळ होती आणि दवाखान्यात तापाच्या रुग्णांची गर्दी होती. त्या गर्दीत एक आजी आपल्या अकरा वर्षांच्या नातीला घेऊन आल्या. मुलगी सहावीत शिकणारी. उजवी टाच जमिनीला न टेकवता चवड्यावर चालत होती. पडली नव्हती, मुरगळले नव्हते, काटा मोडला नव्हता. शाळेत दर शनिवारी कथकचा वर्ग असतो, त्यानंतर टाच दुखते, एवढीच तक्रार.

हा वर्ग जरा वेगळा. शिकवणाऱ्या ताई पुण्याला आणि मुले आमच्या तालुक्याच्या गावी. मधे इंटरनेट आणि शाळेच्या सभागृहातील भिंतीवर लावलेला मोठा टीव्ही. ताई तिकडून दाखवणार, मुले इकडे करणार. आजींना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. "डॉक्टरसाहेब, त्या टीव्हीपुढं पाय आपटून आपटून पोरीची टाच कामातून गेली. मी सांगून ऐकत नाही. आता तुम्हीच सांगा, बंद कर म्हणून."

मी टाच दाबून पाहिली, दोन दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या लिहिल्या आणि चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिले, "नाच बंद." आजी समाधानाने उठल्या. मुलगी काही बोलली नाही. पुढचा रुग्ण आत आला. सगळे मिळून तीन मिनिटे लागली असतील.

दिवाळीनंतर तीच मुलगी पुन्हा आली, या वेळी आईबरोबर. आता टाच दुखत नव्हती. तक्रार अशी, की जिना चढताना धाप लागते, काही करावेसे वाटत नाही, वजन वाढले आहे. वजन केले तर तीन महिन्यांत चार किलो वाढ. मी सवयीने विचारले, "खेळायला जात नाहीस का?" तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "डॉक्टरकाका, तुम्हीच तर बंद करायला सांगितलं होतं."

आईने उलगडून सांगितले. माझी चिठ्ठी घरात देवाच्या वचनासारखी पाळली गेली. आधी नाच बंद झाला. मग टाच पुन्हा दुखेल म्हणून कवायतीच्या तासाला बसून राहणे सुरू झाले. मग गल्लीतला लंगडीचा खेळ थांबला. टाच तर महिन्याभरात बरी झाली होती, पण "आता पुन्हा सुरू कर" असे कोणी सांगितले नाही, कारण तसे मीही सांगितले नव्हते.

वाचकहो, औषधाची चिठ्ठी चुकली तर आम्ही डॉक्टर लोक हळहळतो. पण "बंद करा" हा शब्दही औषधासारखाच आहे, त्यालाही मात्रा आणि मुदत लागते, हे त्या दिवशी मला कळले. आजचा लेख त्या चुकीतून लिहीत आहे. अशा पडद्यावरच्या नृत्यकार्यशाळा आता लहान गावांतील शाळांतूनही होऊ लागल्या आहेत. त्या चांगल्या की वाईट, आणि चांगल्या करायच्या तर काय करावे, हे पालकांनी आणि शिक्षकांनी समजून घेणे जरुरीचे आहे.

टाच का दुखत होती?

प्रथम त्या टाचेविषयी. वाढत्या वयात टाचेच्या हाडाच्या मागील बाजूस एक मऊ, कूर्चेची जागा असते. हाड तिथून वाढते. पोटरीच्या स्नायूंची जाड शीर, म्हणजे घोट्याच्या मागे हाताला लागते ती दोरी, याच ठिकाणी हाडाला जोडलेली असते. साधारण आठ ते चौदा या वयात मूल भराभर उंच होते. हाडे लवकर लांब होतात, स्नायू मागे पडतात. त्यामुळे ती दोरी ताणलेली राहते आणि त्या मऊ जागेला सतत ओढ बसते. त्यात कठीण फरशीवर अनवाणी पाय आपटले, उड्या मारल्या, की ती जागा दुखू लागते. सीव्हर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९१२ मध्ये याचे वर्णन केले, म्हणून याला ‘सीव्हर्स डिसीज’ म्हणतात. नाव मोठे असले तरी हा खरे पाहता रोग नव्हे. फुटबॉल, धावणे, खो-खो खेळणाऱ्या मुलामुलींतही ही तक्रार नेहमी आढळते.

याची खूण सोपी आहे. टाच खालून दाबण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबली तर मूल "आई गं" म्हणते. खेळताना किंवा खेळल्यानंतर दुखते, विश्रांतीने थांबते. वाढीची जागा पक्के हाड झाली की ही तक्रार कायमची जाते. टाच अधू होत नाही.

उपचारही साधे आहेत. पाय आपटणे आणि उड्या दोन-चार आठवडे कमी करायच्या. भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे ठेवून, टाच जमिनीला लावून पोटरी ताणायची; अर्धा मिनिट, असे तीनदा, सकाळ-संध्याकाळ. दुखेल तेव्हा फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे धरायचा. पातळ, सपाट चपलेऐवजी टाचेखाली मऊ गादी असलेले पायताण घालायचे. यात ‘नाच बंद’ कुठेही नाही. नाच कमी करायचा होता, आणि मी तो बंद केला.

शनिवारी शाळेत काय पाहिले

चूक कळल्यावर मी पुढच्या शनिवारी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन वर्ग पाहायला गेलो. सकाळची शाळा साडेअकराला सुटते. त्यानंतर लगेच वर्ग. सातला घरून निघालेली मुले, डबा दहाच्या सुट्टीत संपलेला. पाचवी ते सातवीची सुमारे चाळीस मुले-मुली शहाबादी फरशीवर दाटीवाटीने उभी. टीव्हीवर मोबाईलएवढा कॅमेरा बसवलेला. वर्ग सलग दीड तास.

शिकवणाऱ्या ताई मन लावून शिकवत होत्या. आवाज गोड, समजावण्याची हातोटी चांगली. त्यांच्या शिकवण्यात काही खोट नव्हती. मी त्यांच्या बाजूने विचार केला तेव्हा अडचण लक्षात आली. त्यांच्या पडद्यावर चाळीस मुले म्हणजे नखाएवढी डोकी. पुढच्या रांगेचे चेहरे दिसत होते. पाय एकाचेही दिसत नव्हते. आणि कथक हे तर पायांचे नृत्य!

कथकची सुरुवात तत्कारापासून होते. सरळ उभे राहून संपूर्ण तळपाय जमिनीवर सपाट वाजवायचा असतो. उजवा-डावा-उजवा-डावा, मग डावा-उजवा-डावा-उजवा. गुरू समोर असेल तर तो पायाचा आवाज ऐकूनच सांगतो, की तळवा सपाट पडला की नुसती टाच आपटली. आमची मुले आवाज मोठा यावा म्हणून टाच आपटत होती. गुडघे ताठ, पोट पुढे आलेले. हा सगळा दणका फरशीवरून टाचेत, तिथून नडगीत, गुडघ्यात आणि कंबरेत जात होता. पडद्यातून हे ताईंना दिसत नव्हते आणि ऐकूही येत नव्हते, कारण गोंगाट नको म्हणून आमच्या बाजूचा आवाज बंद ठेवलेला होता.

दुसरी गोष्ट डाव्या-उजव्याची. ताई मुलांकडे तोंड करून उभ्या. त्यांचा उजवा हात मुलांच्या डाव्या बाजूला दिसतो. अर्धी मुले ताईंच्या शब्दांप्रमाणे उजवा पाय उचलत होती, अर्धी पडद्यावर दिसते त्याप्रमाणे डावा. दोन मुलांची टक्कर माझ्यासमोरच झाली.

तिसरी गोष्ट लयीची. इंटरनेटवरून आवाज आणि चित्र पोहोचायला थोडा वेळ लागतो. बोलताना तो जाणवत नाही. पण जलद लयीत सेकंदाला चार पावले पडतात. तिथे पाव सेकंद उशीर म्हणजे एक आख्खे पाऊल मागे. ताई तिकडून "चुकतंय, चुकतंय" म्हणत आणि मुले इथे बरोबर असत. मग मुले आणखी जोरात पाय आपटत. गावातील रेंज आणि विजेची कथा तर आपणा सर्वांना ठाऊक आहेच. मी होतो तेवढ्या वेळात चित्र दोनदा थिजले. मुले मात्र एक पाय उचलून तशीच उभी.

आणि सर्वांत महत्त्वाचे. खोलीत त्या वेळी एकही मोठे माणूस नव्हते. टीव्ही लावून देऊन शिक्षक कार्यालयात गेले होते. "शिकवायला ताई आहेतच की," असा त्यांचा समज. माझ्या पेशंट मुलीला मी नंतर विचारले, "दुखत होतं तर ताईंना का नाही सांगितलं?" ती म्हणाली, "त्यांना आम्ही दिसतच नाही, काका."

मग हे सगळे कशासाठी?

एवढे वाचून कोणी म्हणेल, नकोच ती कार्यशाळा. तसे मुळीच नाही.

आमच्या गावात कथक शिकवणारे कोणी नाही. पुण्यात १९४७ साली रोहिणी भाटे यांनी ‘नृत्यभारती’ सुरू केली, तेव्हापासून तिथल्या मुलींच्या कित्येक पिढ्या हे नृत्य शिकल्या. पण तालुक्याच्या मुलीला पुण्याला कोण पाठवणार? एस.टी.चे भाडे, राहण्याची सोय, सोबत, सगळाच प्रश्न. दिल्लीच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक किरण सेठ यांनी १९७७ मध्ये ‘स्पिक मॅके’ ही चळवळ सुरू केली, ती याच विचाराने, की अभिजात संगीत आणि नृत्य शाळा-महाविद्यालयांतील मुलांपर्यंत न्यावे. कलावंत स्वतः शाळेत जाऊन मुलांसमोर कला सादर करतात आणि समजावून सांगतात. पण कलावंत किती गावी पोहोचणार?

पडद्यावरून शिकवण्याची कल्पनाही नवी नाही. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ नावाच्या प्रयोगात उपग्रहाच्या साहाय्याने देशातील सहा राज्यांच्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखवले गेले, त्यांत शाळकरी मुलांसाठीचेही होते. पण तेव्हा पडदा फक्त बोलत असे, मुलांचे ऐकत नसे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, शाळा बंद झाल्या आणि नृत्यशिक्षकांनी मोबाईल उभा करून वर्ग सुरू केले. ‘स्पिक मॅके’नेही त्या वर्षी आपले कार्यक्रम इंटरनेटवर नेले. आता पडदा दोन्ही बाजूंनी बोलू शकतो. शाळा उघडल्या तरी ही पद्धत पूर्णपणे गेली नाही. लहान गावांसाठी ती सोयीची ठरली, कारण अंतराची अडचण तिने कमी केली. त्या मुलीला घरबसल्या नव्हे, पण गावबसल्या एक गुरू मिळाला, ही लहान गोष्ट नाही.

नाच हा व्यायाम आहे का?

आहे, आणि फार चांगला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी किमान ६० मिनिटे अंग हलेल असा मध्यम किंवा जोराचा व्यायाम करावा. त्यात आठवड्यातून किमान तीन दिवस हाडे आणि स्नायू बळकट करणारे प्रकार असावेत. प्रत्यक्षात काय होते? १४६ देशांची माहिती एकत्र करून २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ११ ते १७ वयाच्या मुलांपैकी ८१ टक्के मुलांचा एवढा व्यायाम होत नव्हता. मुलगे ७८ टक्के, मुली ८५ टक्के.

मुलींचा आकडा जास्त का, हे आपल्या गावात फिरले तरी कळते. मैदानावर मुलगे क्रिकेट खेळतात. मुलगी सातवी-आठवीत गेली की "आता उड्या मारायचं वय नाही" असे घरात सुरू होते. नाचाला मैदान लागत नाही, साहित्य लागत नाही. बंद सभागृहात, गणवेशावर, मैत्रिणींबरोबर करता येतो. नाचताना हृदयाचे ठोके वाढतात, दमसास वाढतो, तोल सुधारतो. पावलांचा आघात योग्य प्रमाणात असेल तर हाडे भरीव होतात. आणि हाडांची ही पुंजी बहुतेक सगळी विशीच्या आतच जमा होते. म्हातारपणी कंबरेचे हाड मोडू नये, याची तयारी अकराव्या-बाराव्या वर्षी करावी लागते.

आपल्याकडे हे नवीन आहे असेही नाही. मंगळागौरीच्या फुगड्या आणि झिम्मा, टिपऱ्या, गोफ, शाळेतील लेझीम हे सारे नाचत केलेले व्यायामच होते. लेझीम खेळून आलेल्या मुलाच्या मांड्या दुसऱ्या दिवशी कशा भरून येतात, हे ज्यांनी खेळली त्यांना आठवत असेल.

आम्ही काय बदलले

मुख्याध्यापक समजूतदार होते. ताईंशीही फोनवर बोललो. त्यांना टाचेची हकिकत ऐकून फार वाईट वाटले. पुढील गोष्टी ठरल्या. कोणत्याही शाळेला त्या करता येतील.

१. वर्गभर एक शिक्षक खोलीत हजर. त्यांना नाच येण्याची गरज नाही. त्यांनी पाय पाहायचे, कोण लंगडते, कोण दमले ते पाहायचे आणि ताईंना सांगायचे. आमच्याकडे कवायतीच्या सरांनी हे काम घेतले. ताईंनी त्यांना तीन खुणा शिकवल्या: तळवा सपाट पडतो का, गुडघा किंचित सैल आहे का, खांदे वर चढत नाहीत ना.

२. मुलांचे चार गट केले. एका वेळी दहा मुले कॅमेऱ्यासमोर. कॅमेरा टीव्हीवरून काढून बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर ठेवला, म्हणजे पाय दिसतात. बाकीची मुले खाली बसून हाताने ताल धरतात आणि बोल म्हणतात. कथकमध्ये याला पढंत म्हणतात. यात शिकणेही होते आणि पायांना विश्रांतीही मिळते.

३. ताई नवीन पाऊल शिकवताना मुलांकडे पाठ करून उभ्या राहतात. मग त्यांचा उजवा तो मुलांचा उजवा.

४. लय इथेच धरायची. ठेका शाळेतील स्पीकरवर लावायचा किंवा सरांनी टाळी द्यायची. ताई पाहून दुरुस्ती सांगतात, मोजणी करत नाहीत. चित्र थिजले तर सर हात वर करतात, मुले थांबतात, पाय खाली ठेवतात.

५. दीड तासाऐवजी पाऊण तास. पहिली आठ-दहा मिनिटे अंग मोकळे करणे: जागच्या जागी चालणे, घोटे फिरवणे, गुडघे वाकवणे. शेवटची पाच मिनिटे पोटरी आणि मांडी ताणणे.

६. फरशीवर कबड्डीच्या जाड मॅट पसरल्या. शाळेकडे त्या होत्याच. सतरंजी वापरू नये, ती सरकते आणि तिच्या घडीत बोट अडकते. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून नाचू नये, घसरायला होते. घुंगरू पहिल्या वर्षी नकोत. पाऊल नीट पडू लागले की मग थोडे बांधावेत.

७. वर्गाआधी अर्धा-पाऊण तास मूठभर शेंगदाणे आणि गूळ, किंवा केळे. बरोबर पाण्याची बाटली. भरपेट जेवून मात्र लगेच नाचू नये, दीड-दोन तास जाऊ द्यावेत.

८. ताईंना तपासण्यासाठी मुलांच्या पायांचे छोटे चित्रण पाठवायचे असेल तर पालकांना विचारूनच, आणि फक्त शिकवणाऱ्या ताईंनाच. ते गावभर मोबाईलवर फिरवू नये.

कोणी आधी डॉक्टरांना दाखवावे

पुढील तक्रारी असतील तर थांबून तपासणी करून घ्यावी.

नाचताना किंवा धावताना छातीत दुखणे, भोवळ येऊन पडणे, ठोके अनियमित वाटणे. किंवा घरात कोणी तरुण वयात अचानक दगावले असणे. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजणे. हा सांधेतापाचा ज्वर असू शकतो आणि तो हृदयाच्या झडपांना इजा करतो. दुखण्याने रात्री झोपमोड होणे, सांध्याला सूज, बरोबर ताप असणे. दोन आठवडे विश्रांती घेऊनही लंगडणे न थांबणे.

दम्याच्या मुलांना नाच वर्ज्य नाही. डॉक्टरांनी सांगितला असेल तर फवारा आधी घ्यावा आणि वर्गात जवळ ठेवावा.

लवकर दमणाऱ्या मुलींचे रक्त जरूर तपासावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला होता. म्हणजे दहा मुलींत सहा. अशी मुलगी नाचात मागे पडते आणि आपण तिला आळशी ठरवतो. शाळेत १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी मिळते, ती काहीतरी खाल्ल्यानंतर घ्यावी. शौचाचा रंग काळसर झाला तर घाबरू नये.

पालकांचे नेहमीचे प्रश्न

*मासिक पाळीत मुलीने नाचावे का?* तिला बरे वाटत असेल तर अवश्य. हालचालीने पोटातील कळा अनेकींना कमीच वाटतात. फार रक्तस्राव किंवा फार दुखत असेल तर त्या दिवशी बसून पढंत करावी.

*गिरक्या घेतल्यावर मुलाला चक्कर येते. डोक्याचा काही विकार तर नसेल?* बहुधा नाही. कानाच्या आत अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. आपण फिरून थांबलो तरी तो द्रव थोडा वेळ फिरत राहतो, म्हणून घर फिरल्यासारखे वाटते. समोरच्या एका ठिकाणी नजर लावून, मान शेवटी फिरवून पुन्हा त्याच ठिकाणी नजर आणली की हे कमी होते. सवयीनेही कमी होते. कथकची चक्कर टाचेवर घेतात, म्हणून टाच दुखत असेल तोवर चक्कर नको. न फिरताच चक्कर येत असेल तर मात्र दाखवावे.

*पडद्याने डोळे बिघडतील का?* मोबाईल हातात धरून तासन्‌तास पाहणे वेगळे आणि तीन-चार मीटरवरच्या मोठ्या टीव्हीकडे पाहत हालचाल करणे वेगळे. आठवड्यातून पाऊण तासाने डोळे बिघडत नाहीत. पण घरी एकट्याने मोबाईलच्या तळहाताएवढ्या पडद्यावर पाहून नाच शिकू नये. त्यात डोळ्यांना ताण आहेच, शिवाय मान खाली घालून नाचण्याची सवय लागते.

*मुलग्याने नाच शिकावा का?* का नाही? कथकमधील थोर नाव बिरजू महाराज यांचे. आमच्या शाळेत आज दहा-बारा मुलगे येतात, आणि कवायतीचे सर समोर असल्यामुळे त्यांना कोणी चिडवतही नाही.

शेवटी

त्या मुलीला मी नवी चिठ्ठी लिहून दिली. या वेळी मुदतीसह. पहिले दोन आठवडे फक्त पढंत, हातांच्या हालचाली आणि रोज पोटरी ताणणे. नंतर दहा मिनिटे तत्कार, मॅटवर. दुखले नाही तर दर आठवड्याला पाच मिनिटे वाढ. दुखले तर आधीच्या आठवड्यावर परत. कवायत आणि लंगडी आजपासून चालू. हे मी मोठ्याने वाचून दाखवले, आजींनाही बोलावून घेऊन. आजी म्हणाल्या, "मग तेव्हाच असं का नाही लिहिलंत?" मी म्हटले, "चुकलं माझं, आजी." डॉक्टरने असे म्हणण्याची त्यांना सवय नसावी. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग नातीला म्हणाल्या, "चल, उशीर होतोय."

२०२५ च्या जानेवारीत शाळेच्या स्नेहसंमेलनात ती दुसऱ्या रांगेत नाचली. तिचे वजन अजून पूर्वीसारखे झालेले नाही, पण जिना चढताना धाप लागत नाही.

पालकहो, आपल्या शाळेत अशी कार्यशाळा असेल तर मुलांना जरूर पाठवा. पण एकदा स्वतः जाऊन दाराशी उभे राहा आणि पाहा: शिकवणारे पडद्यावर आहेत, ते ठीक, पण मुलांच्या पायांकडे पाहणारे कोणी खोलीत आहे का? नसेल तर शाळेला विनंती करा. आणि डॉक्टर "बंद करा" म्हणाले तर दोन प्रश्न नक्की विचारा: काय बंद करायचे, आणि किती दिवस?

(पुढील आठवड्यात: परीक्षेच्या दिवसांतील जेवण आणि झोप)